चाकांना न जोडलेली टर्बाइन

2010 च्या पॅरिस मोटर शोमध्ये जॅग्वारने सी-एक्स75 ही संकल्पना गाडी मांडली. निमित्त कंपनीच्या पंचाहत्तरीचं. टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. इयान कॅलम यांच्या चमूने घडवलेलं तिचं रूप फोटोंमधून गाजलं, पण खरी नवलाई सीटच्या मागे होती. तिथे पिस्टनचं इंजिनच नव्हतं. प्रत्येकी 35 किलोच्या दोन छोट्या गॅस टर्बाइन्स होत्या, मिनिटाला 80,000 फेरे घेणाऱ्या. घरचा मिक्सर पूर्ण वेगात 20,000 च्या आसपास फिरतो!

टर्बाइनचं काम तसं सरळ. हवा ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं. तापून फुगलेला वायू पाती ढकलत बाहेर पडतो आणि दांडा फिरतो. काही वरखाली होत नाही, त्यामुळे हादरे कमी. विमानाला हे मानवतं, कारण तिथे तासन्‌तास एकाच वेगाने जायचं असतं. रस्त्यावर मात्र सिग्नल, वळणं, गतिरोधक. मंद फिरतानाही टर्बाइनला इंधन फार लागतं आणि पेडल दाबल्यावर ती वेग घ्यायला वेळ लावते. क्रायस्लरने 1963 पासून पन्नास टर्बाइन गाड्या सामान्य कुटुंबांना वापरायला दिल्या, तेव्हाही हीच दुखणी पुढे आली.

सी-एक्स75 मध्ये टर्बाइन्स चाकांना जोडल्याच नव्हत्या. त्यांनी फक्त वीज करायची. प्रत्येक चाकाला 145 किलोवॉटची स्वतंत्र मोटर, म्हणजे एकूण 580. टर्बाइन्स दोन्ही मिळून जेमतेम 140. मग भागायचं कसं? पूर्ण ताकद लागते ती काही सेकंद, आणि ती बॅटरी देते. एरवी सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरने जायला ढोबळ मानाने वीसेक किलोवॉट पुरतात. तेवढ्या वेळात टर्बाइन आपल्याला मानवणाऱ्या वेगात फिरत बॅटरी भरत राहते. नुसत्या बॅटरीवर 110 किलोमीटर आणि टर्बाइन्स धरून 900, असं कंपनीचं गणित होतं. इतकी नेमकी कामाची वाटणी मला आजही फार सुंदर वाटते.

2011 मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींतल्या विल्यम्स या संघाच्या साथीने 250 गाड्या बनवायचं ठरलं, तेव्हा टर्बाइन्सची जागा 1.6 लिटरच्या, सुमारे 500 अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाने घेतली. 2012 च्या अखेरीस आर्थिक मंदीचं कारण देऊन कंपनीने तो बेतही थांबवला. मागे उरले ते मोजके नमुने.