धाकाशिवाय अभ्यास होत नाही?

‘थोडं टेन्शन हवंच’ म्हणणारे येर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रातल्या संशोधकांच्या १९०८ च्या प्रयोगाचा दाखला देतात. तो प्रयोग मुलांवर नव्हताच. उंदरांवर होता, आणि टेन्शन म्हणजे विजेचा झटका! त्यातही काम अवघड केल्यावर जोराच्या झटक्याने शिकणं लांबलंच.

मुलांचं काय होतं? ४७ अधिक ३८. सात नि आठ पंधरा, हातचा एक. हा हातचा डोक्यात धरून ठेवायला जागा लागते, आणि ती मुळातच थोडी. तिथेच ‘चुकलं तर बाबा काय म्हणतील’ घुसतं आणि हातचा निसटतो. घरी बरोबर येणारं गणित पेपरात अनेकदा असंच चुकतं. आपण मात्र त्याला निष्काळजीपणा म्हणून आणखी ओरडतो.

अपेक्षा जरूर ठेवा. ‘जमेल तुला, कुठे अडलंय दाखव’ हीसुद्धा अपेक्षाच आहे.