बरोबरी झाली तर इस्पिकवाला जिंकत नाही

पोकरमध्ये दोघांचे पत्ते सारखे निघाले की बघ्यांपैकी कोणीतरी ठासून सांगतो, "इस्पिकवाल्याचा डाव!" साफ चूक. काही खेळांत रंगांना मान कमी-जास्त असतो. पोकरमध्ये विजेता ठरवताना इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सारखेच. (इस्पिकचा एक्का 'लकी' मानणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. पिसलेल्या पत्त्यांना तुमचं नशीब ठाऊक नसतं.)

52 पत्त्यांतून पाच-पाच पत्त्यांचे 25,98,960 हात होतात, पण ताकदीच्या पायऱ्या फक्त 7,462. एका जोडीच्या प्रत्येक पायरीवर 384 हात दाटीवाटीने उभे असतात. बरोबरी होणारच.

हातांचे प्रकार दुर्मीळपणावर लावलेत. प्रकाराच्या आत मात्र दुर्मीळपणा कामाचा नाही. एक्क्यांच्या जोडीचे हात 84,480, दुर्रीच्या जोडीचेही नेमके तेवढेच! एक्का मोठा, हा निव्वळ संकेत. म्हणून आधी जोडी बघायची, मग उरलेले पत्ते मोठ्याकडून लहानाकडे. हेच 'किकर'.

होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाकडे स्वतःचे दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे सामाईक पाच; या सातांतले सर्वोत्तम पाच धरायचे. समजा टेबलावर एक्का, दोन राजे, गुलाम, पंजी आहेत. तुमच्याकडे एक्का-दश्शी, समोरच्याकडे एक्का-चौकी. फ्लश (पाचही पत्ते एकाच रंगाचे) कोणाचाच नाही. दश्शी मोठी म्हणून हरखू नका: दोघांचे सर्वोत्तम पाच पत्ते म्हणजे दोन एक्के, दोन राजे, गुलाम. दश्शी सहावी, म्हणून बाद. पॉट, म्हणजे डावावर लागलेली सगळी रक्कम, निम्मा-निम्मा.

संगणकाला हे ओळखायला लावायची एक युक्ती मला फार आवडते. दुर्रीला 2, तिर्रीला 3, चौकीला 5 अशा चढत्या मूळ संख्या द्यायच्या. गुलामाला 29, राजाला 37, एक्क्याला 41. मग पाचही संख्यांचा गुणाकार करायचा. वरचा हात: 41×41×37×37×29 = 6,67,37,381. मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात, त्यामुळे पत्ते कुठल्याही क्रमाने आले तरी उत्तर हेच, आणि दुसऱ्या कुठल्याही पत्त्यांचं हे उत्तर येणार नाही. पण गुणाकार मोठा म्हणजे हात मोठा नव्हे. दुर्रीची जोडी, तिर्री, चौकी, पंजी यांचा गुणाकार 420. जोडी नसलेल्या दुर्री-तिर्री-चौकी-पंजी-सत्तीचा 2,730, तरी जिंकते जोडीच. गुणाकार फक्त ओळखपत्र. त्यावरून आधी बनवलेल्या तक्त्यात पायरी शोधायची. पायरी एकच निघाली की बरोबरी. फ्लश तेवढा वेगळा तपासावा लागतो, कारण गुणाकारात रंग उतरतच नाही.

वाटणीत एक चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) उरलीच, तर होल्डेममध्ये सहसा डीलरच्या डावीकडून पहिल्या विजेत्याला जाते.