नान्नजच्या माळरानावरील पक्षिजीवन

सोलापूर–बार्शी रस्त्यावर, सोलापूरपासून सुमारे २० किमी. अंतरावर नान्नज गावालगत पसरलेले गवताळ माळरान हे माळढोक पक्षी अभयारण्याचे सर्वपरिचित क्षेत्र होय. १९७९ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचा विस्तार एकेकाळी सुमारे ८,४९६ चौ. किमी. होता, त्यात गावे आणि खाजगी शेतीही समाविष्ट असल्याने पुढे तो सुमारे १,२२२ चौ. किमी.वर आणला गेला.

येथील जमीन उथळ व मुरमाड असून पाऊस बेताचा पडतो, त्यामुळे दाट झाडीऐवजी कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते वाढतात. अशा जमिनीला सर्रास ‘पडीक’ म्हटले जाते. परंतु पक्ष्यांच्या दृष्टीने हा शब्द सर्वस्वी चुकीचा आहे.

माळढोक हा सुमारे मीटरभर उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांपैकी अत्यंत वजनदार पक्षी. नराचे वजन १५ किग्रॅ.पर्यंत भरते. पावसाळ्याच्या सुमारास नर गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवून खोल, घुमणारा आवाज काढतो आणि तो माळावर दूरवर ऐकू जातो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते व सुमारे चार आठवडे एकटीच उबवते. वर्षाकाठी एवढीच वीण असल्याने एक अंडे कुत्र्याने खाल्ले किंवा गुरांच्या पायाखाली फुटले, तरी ती हानी सहज भरून येत नाही. २०११ पासून ही जाती अतिसंकटग्रस्त गणली जाते आणि महाराष्ट्रात तिचे दर्शन आज अतिशय दुर्मिळ झाले आहे.

माळ मात्र केवळ माळढोकाचा नाही. मातकट रंगामुळे ढेकळांत मिसळून जाणारा धाविक, पिवळ्या गलोलीची (चोचीजवळ लोंबणाऱ्या मांसल कातडीची) माळटिटवी आणि हवेत कोलांट्या घेणारा डोंबारी चंडोल हे येथील रहिवासी. पखुर्डीचा नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून पिलांसाठी पाणी आणतो, ही कोरड्या मुलखातील विशेष थक्क करणारी तजवीज होय. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या पक्षी दिवसा गवतावरून अगदी खालून उडत नाकतोडे टिपतात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर समूहाने मुक्काम करतात.

माळावर झाडे लावणे हे संरक्षण नव्हे. पूर्वी लावलेल्या ग्लिरिसिडियासारख्या झाडांमुळे मोकळी जागा आक्रसली. माळढोकाला चारी बाजूंनी दूरवर दिसणारे मैदानच सुरक्षित वाटते. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरच्या विजेच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही.