देशात न मिळणारं नवं अँटिबायोटिक मागवताना: मार्ग कोणता, कागद कोणते आणि फाइल परत का येते

भारतात मंजुरी नसलेलं औषध आयात करायचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन (एफडीए) देत नाही. तरीही मुंबईतले नातेवाईक आधी वांद्रे-कुर्ला संकुलातलं एफडीएचं कार्यालय गाठतात, जिल्ह्यातले लोक तिथल्या सहायक आयुक्तांकडे जातात, आणि त्यातच एक-दोन दिवस निघून जातात. सेप्सिस झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हे दिवस परत मिळत नाहीत. हा परवाना दिल्लीहून मिळतो. तो देते केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, आणि तिचे प्रमुख असतात भारताचे औषध महानियंत्रक.

अर्ज करण्याआधी औषध खरंच देशात नाही का, हे तपासा. दुकानात नसणं वेगळं आणि मंजूर नसणं वेगळं. सेफेपिम-एनमेटाझोबॅक्टॅम या नव्या अँटिबायोटिकचा शोध चेन्नईच्या ऑर्किड फार्माचा. त्याला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी भारतातही. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टॅम तर इथे कित्येक वर्षं मिळतं. अशा औषधासाठी आयातीचा अर्ज केला तर तो परत येणारच. मंजूर झालेल्या नव्या औषधांची यादी सीडीएससीओच्या संकेतस्थळावर असते. ती अर्जाच्या दिवशीच बघा, कारण ती बदलत राहते.

आता मार्ग. ते तीन आहेत आणि निम्मा गोंधळ चुकीचा मार्ग निवडल्यामुळे होतो.

रुग्ण खाजगी रुग्णालयात असेल आणि औषध परदेशात विक्रीला असेल, तर औषध नियम १९४५ मधला नियम ३६ लागू होतो. अर्ज फॉर्म १२-ए मध्ये करायचा, परवाना फॉर्म १२-बी मध्ये मिळतो. तो रुग्णाच्या नावाने निघतो. रुग्णालयाच्या किंवा औषध दुकानाच्या नावाने केलेला अर्ज इथे चालत नाही.

रुग्ण सरकारी रुग्णालयात असेल, तर नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम २०१९ लागू होतात. त्यातल्या नियम ८६ नुसार अर्ज सीटी-२४ मध्ये आणि परवाना सीटी-२५ मध्ये. अर्ज नातेवाइकांनी नव्हे, वैद्यकीय अधिकाऱ्याने करायचा आणि त्यावर वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र हवं. औषध मूळ देशात विक्रीसाठी मंजूर असायला हवं आणि आजार जिवावर बेतणारा, कायमचं गंभीर अपंगत्व आणणारा किंवा पुरेसा उपचार उपलब्ध नसलेला असायला हवा. शुल्क नियमांच्या सहाव्या अनुसूचीत दिलेलं आहे.

औषध अजून कुठेच मंजूर नसेल, चाचण्याच चालू असतील, तर वरचे दोन्ही मार्ग बंद. देशात चाचणीत असलेलं औषध रुग्णासाठी मर्यादित प्रमाणात बनवायचं असेल तर सीटी-२६ चा अर्ज करावा लागतो, आणि तो उत्पादक कंपनीने करायचा असतो. त्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्याने रुग्णाची किंवा वारसांची लेखी संमती घेऊन रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची शिफारस मिळवायची. परदेशात तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत असलेलं औषध आणायची सोय २०२० च्या दुरुस्तीने झाली आहे. मुंबईच्या वोक्हार्टचं सेफेपिम-झिडेबॅक्टॅम चाचण्यांच्या काळात भारतातल्या काही रुग्णांना याच ‘कम्पॅशनेट यूज’ (दुसरा इलाज नसलेल्या रुग्णाला मंजुरीआधीच औषध देणं) तत्त्वावर दिलं गेलं. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की सरकारची परवानगी म्हणजे कंपनीवरची सक्ती नव्हे. कंपनी नाही म्हणू शकते. म्हणून कंपनीच्या वैद्यकीय विभागाला डॉक्टरांनी ईमेल करणं हे पहिलं काम, कमिटीचा अर्ज त्याच दिवशी समांतर. कमिटी महिन्यातून एकदा बसते असं उत्तर मिळालं तर तातडीची बैठक लेखी मागा. रुग्णाला महिनाभर थांबा असं सांगता येत नाही, हे कमिटीलाही कळतं. फक्त कोणी मागितलंच नसतं.

एक चौथा मार्ग लोक स्वतःच काढतात: दुबईचा भाचा बॅगेतून घेऊन येईल. नियम ३६ मध्ये प्रवाशाच्या सामानातून शंभर सरासरी डोसपर्यंत औषध आणायची मुभा आहे, पण ते त्या प्रवाशाच्या मालकीचं आणि त्याच्या स्वतःच्या वापराचं असलं पाहिजे. मामासाठी आणलेली इंजेक्शनं त्यात बसत नाहीत. कस्टम्सने अडवली तर वाद घालायला जागा उरत नाही, आणि तोवर कुपी थंडाव्याबाहेर असतात ते वेगळंच.

फाइल जिथे खरोखर अडते

दिल्लीत नव्हे, बहुतेक वेळा रुग्णालयाच्या कागदावर. सगळ्यांत कच्चा कागद म्हणजे कल्चर रिपोर्ट. त्यावर नुसतं ‘आर’ (जंतू औषधाला दाद देत नाही) आणि ‘एस’ (दाद देतो) असेल तर तो पुरेसा नाही. प्रत्येक औषधापुढे एमआयसीचा, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला औषधाची किमान किती पातळी लागते त्याचा, आकडा हवा, नमुना कुठून घेतला ते हवं आणि तारीख हवी. श्वासाच्या नळीतून ओढलेल्या स्रावात किंवा कॅथेटरच्या लघवीत वाढलेला जंतू नुसता वस्तीला असू शकतो. त्याने संसर्ग केलाय हे डॉक्टरांनी ताप, रक्तदाब, एक्स-रे यांच्या आधाराने लिहायला हवं. रक्तातला जंतू असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकची ओळ तर हमखास घोळ घालते. प्रयोगशाळा वापरतात त्या अमेरिकेच्या सीएलएसआय मानकांनी २०२० पासून क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारख्या जंतूंसाठी कोलिस्टिनचा ‘सेन्सिटिव्ह’ हा गटच काढून टाकला. २ किंवा त्याखाली एमआयसी असेल तर ‘इंटरमीडिएट’ लिहितात. त्यामुळे ‘आय’ पाहून नातेवाईक घाबरतात आणि जुन्या पद्धतीचा ‘एस’ पाहून तपासणारा विचारतो, मग हे औषध का देत नाही? शिवाय डिस्कवरून (औषध लावलेल्या कागदी चकतीवरून) काढलेला कोलिस्टिनचा निकाल विश्वासार्ह नसतो. चाचणी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (द्रव माध्यमात औषधाची पातळी टप्प्याटप्प्याने बदलून) झाली आहे, असं रिपोर्टमध्ये किंवा डॉक्टरांच्या पत्रात यायला हवं.

याहून मोठी चूक जंतूकडे कोणतं प्रतिकार-जनुक आहे हे न तपासता औषध ठरवण्याची. भारतात एनडीएम, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम आणि त्याचं जनुक, फार आढळतं. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सल्बॅक्टॅम-ड्यूरलोबॅक्टॅम अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी आहे, पण ड्यूरलोबॅक्टॅम एनडीएमला रोखत नाही. जपानच्या शिओनोगीचं सेफिडेरोकॉल जंतूच्या लोह ओढून घेण्याच्या वाटेने आत शिरतं. अनेक ठिकाणी ते चालतं, पण एनडीएम असलेल्या काही जंतूंवर त्याचा परिणाम अपुरा पडतो. तेव्हा औषध मागवण्याआधी त्याच जंतूवर त्याच औषधाची चाचणी करून घ्या. सेफिडेरोकॉलची ब्रॉथमधली चाचणी लोह काढून टाकलेल्या माध्यमातच करावी लागते, साध्या ब्रॉथमधला आकडा धरू नका. जनुकासाठी काट्रिजवरची पीसीआर चाचणी करतात, तिचा निकाल काही तासांत मिळतो. आणि प्रयोगशाळेला पहिल्याच दिवशी लेखी कळवा की हा जंतू फेकू नका, गोठवून ठेवा. नंतर हीच चाचणी करायची वेळ येते तेव्हा प्लेट गेलेली असते.

एनडीएम निघालं तर इथेच मिळणारं सेफ्टाझिडिम-अविबॅक्टॅम आणि अ‍ॅझट्रिओनॅम एकत्र देऊन पाहिलं का, हा प्रश्न यायलाच हवा. एनडीएमला अ‍ॅझट्रिओनॅम तोडता येत नाही आणि ज्या बाकीच्या एन्झाइम्सना येतं, त्यांतल्या बहुतेकांना अविबॅक्टॅम थोपवतं. ही जोडी आधी दिली असेल आणि उपयोग झाला नसेल, तर ते तारखांसह लिहा. चालणारच नाही असा चाचणीचा निकाल असेल, तर तो जोडा. परवान्याची वाट पाहताना रुग्णाला द्यायला हीच जोडी हाताशी असते. कित्येकदा तीच पुरते आणि आयातीची गरजच उरत नाही.

डॉक्टरांच्या पत्रात ‘सर्व औषधांना प्रतिकार’ हे एक वाक्य लिहून भागत नाही. मेरोपेनेम का नाही, कोलिस्टिन का नाही, टायगेसायक्लिन का नाही, प्रत्येकापुढे एक ओळ हवी. टायगेसायक्लिनची रक्तातली पातळी कमी राहते, म्हणून रक्तातल्या संसर्गाला ते एकटं पुरत नाही. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर कोलिस्टिनची अडचण आहे. एवढंच लिहायचं असतं, पण न लिहिल्यामुळे खुलासा मागवला जातो.

प्रमाणाचा हिशेब

प्रिस्क्रिप्शनवर डोस असतात, अर्जात कुपी असतात आणि दोन्ही जुळत नाहीत. सेफिडेरोकॉलचंच घ्या. मूत्रपिंड ठीक असेल तर दर ८ तासांनी २ ग्रॅम, प्रत्येक डोस ३ तास संथपणे शिरेतून. कुपी १ ग्रॅमची असते. १४ दिवसांचे डोस होतात ४२ आणि कुपी ८४. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) १२० किंवा त्याहून जास्त असेल तर तोच डोस दर ६ तासांनी, म्हणजे ५६ डोस आणि ११२ कुपी. ही ११२ पाहून शंभरची मर्यादा ओलांडली असं समजून अर्ज कमी करणारे आहेत. मर्यादा डोसची आहे, कुपींची नाही. सीटी-२४ च्या मार्गात ती प्रतिरुग्ण शंभर सरासरी डोस आहे आणि अपवादात्मक स्थितीत वाढवूनही मिळते. १२-ए मध्ये प्रमाण ‘वाजवी’ आणि प्रिस्क्रिप्शनमध्ये बसणारं हवं. म्हणून प्रिस्क्रिप्शनवरच डोस, अंतर, दिवस, कुपीची ताकद आणि एकूण कुपी लिहून घ्या, म्हणजे वाद मिटला. औषधाचं मूळ नाव लिहा, कंसात ब्रँड. डॉक्टरांची सही, तारीख आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक स्पष्ट हवा. निवासी डॉक्टरांच्या घाईतल्या शिक्क्यावर तो नसतो.

रुग्णाचं नाव आधार, केस पेपर आणि प्रिस्क्रिप्शनवर एकसारखं हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि केस पेपरवर नुसतं आडनाव, एवढ्यावरूनही कागद परत येतात. नाव दुरुस्त करायला आधार केंद्रात धावू नका. रुग्णालयाकडून ‘ही एकच व्यक्ती’ असं लेटरहेडवरचं पत्र घ्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर सही कोण करतंय, नातं काय आणि रुग्ण सही का करू शकत नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावं.

विमानतळावर

परवान्यावर छापलेली मुदत ही माल देशात येण्याची असते. ऑर्डर त्या मुदतीत दिली म्हणून भागत नाही. कस्टम्स एजंटला रुग्णाचं आधार आणि पॅन लागतं, ते आधीच स्कॅन करून ठेवा. व्यक्तिगत वापरासाठी आयात-निर्यात कोड लागत नाही. तो काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला नकार द्या. जीवरक्षक औषधावरच्या सीमाशुल्कात सवलत हवी असेल तर राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांचं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र मागतात. हा कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो आणि माल उतरल्यावर धावपळ सुरू होते. परवान्याचा अर्ज गेला की लगेच याच्या मागे लागा. सेफिडेरोकॉलच्या कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायच्या असतात, तेव्हा शनिवारी रात्री उतरणारं विमान टाळा. खोक्यात तापमान नोंदवणारं उपकरण मागा आणि त्याची नोंद पाहूनच रुग्णालयाने माल स्वीकारावा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लगेच मिळेल’ म्हणणाऱ्यांकडे अशी नोंद नसते, बॅच क्रमांकाचा पुरावाही नसतो. तिथे पैसे घालू नका, कितीही घाई असली तरी.

सीटी-२५ वर आणलेलं औषध त्याच रुग्णासाठी असतं. उपचार लवकर थांबले किंवा रुग्ण दगावला तर उरलेल्या कुपी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला देता येत नाहीत. त्या नष्ट करून नोंद ठेवावी लागते. त्या दुसऱ्या रुग्णालाही तेच औषध लागणार असं दिसत असेल, तर त्याचा अर्ज आजच वेगळा भरा.