टॉरेन्स पद्धती

स्थावर मालमत्तेच्या मालकीची शासनाच्या हमीने नोंद ठेवण्याची पद्धती. या पद्धतीत दोन पक्षांमधील खरेदीखताने मालकी बदलत नाही. शासकीय नोंदवहीत नाव चढल्यावरच ती बदलते. ज्या देशांत केवळ दस्त नोंदविले जातात, तेथे खरेदीदाराला मागील अनेक वर्षांचे व्यवहार तपासून हक्काची साखळी जुळवावी लागते आणि तीत एखादा दोष राहून गेल्यास त्याची झळ त्यालाच बसते. दुसऱ्या प्रांतात किंवा देशात पैसा गुंतविणाऱ्याच्या दृष्टीने हाच फरक निर्णायक ठरतो.

ही पद्धती दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीत १८५८ च्या स्थावर मालमत्ता अधिनियमाने सुरू झाली. रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स (१८१४–८४) यांनी तो कायदा विधिमंडळात मांडला व पुढे त्याच्या अंमलबजावणीची धुराही वाहिली. मात्र मूळ कल्पना कोणाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. टॉरेन्स हे ॲडलेड येथे सीमाशुल्क अधिकारी होते. जहाजांच्या मालकीच्या नोंदवहीवरून आपल्याला ही कल्पना सुचली, असे ते सांगत आणि जुन्या ग्रंथांनी बहुधा तेच प्रमाण मानले. दुसऱ्या मतानुसार, वसाहतीत स्थायिक झालेले जर्मन विधिज्ञ उलरिख ह्यूबे यांनी हॅम्बुर्ग व अन्य हॅन्सा नगरांतील (उत्तर यूरोपातील जुन्या व्यापारी संघाच्या शहरांतील) भूनोंदवह्यांची माहिती पुरविली व मसुद्याला आकार दिला. ह्यूबे यांनी या विषयावर १८५७ मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली होती, हे ध्यानात घेता त्यांचा वाटा पूर्वी समजला जाई त्याहून मोठा असावा. तथापि कायदा संमत करून घेण्याचे श्रेय टॉरेन्स यांच्याकडेच जाते. १८७४ पर्यंत ऑस्ट्रेलियातील सर्व वसाहतींनी ही पद्धती स्वीकारली होती. न्यूझीलंडने ती १८७० मध्ये, तर फिलिपीन्सने १९०२ मध्ये स्वीकारली.

बनावट सहीच्या आधारे झालेल्या नोंदीने हक्क मिळतो काय, हा या पद्धतीतील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. गिब्ज विरुद्ध मेसर (१८९१) या खटल्यात एका वकिलाने अस्तित्वातच नसलेल्या व्यक्तीच्या नावे जमीन चढविली व ती गहाण ठेवून कर्ज उचलले. कर्ज देणारे निर्दोष असूनही प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश वसाहतींसाठीच्या लंडनमधील अंतिम अपील न्यायपीठाने) त्यांचे गहाण अवैध ठरविले. फ्रेझर विरुद्ध वॉकर (१९६७) या न्यूझीलंडमधील खटल्यात त्याच न्यायपीठाने उलट दिशा घेतली: पत्नीने पतीची खोटी सही करून मालमत्ता गहाण टाकली असली, तरी सद्भावाने नोंद करून घेणाऱ्याचा हक्क नोंदीच्या क्षणीच अबाधित होतो. मलेशियात संघीय न्यायालयाने २००० मध्ये बनावट दस्तावरून घेणाऱ्या पहिल्या खरेदीदारालाही संरक्षण दिले होते. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरविला. नोंदीच्या क्षणीच हक्क अबाधित मानणारा नियम नव्या खरेदीदाराच्या व सावकाराच्या सोयीचा आहे. दूर राहून जमीन राखणाऱ्या मालकाला बनावट नोंद अवैध ठरविणारा नियमच अधिक सुरक्षित वाटेल, आणि मलेशियातील मूळ मालकीण परदेशस्थ होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. नुकसान सोसणाऱ्यास शासकीय निधीतून भरपाई देण्याची तरतूद अनेक टॉरेन्स कायद्यांत असते. ती नसल्यास ही पद्धती अपुरीच म्हणावी लागेल.

अमेरिकेत काही राज्यांनी ही पद्धती घेतली, पण ती फारशी रुजली नाही. फिलाडेल्फियात १८७६ मध्ये सुरू झालेल्या हक्कविम्याच्या (मालकीहक्कातील दोषामुळे होणारे नुकसान भरून देणाऱ्या विम्याच्या) व्यवसायाने तिची जागा व्यापली. इंग्लंड व वेल्समध्ये विक्रीच्या वेळी हक्कनोंदणीची सक्ती टप्प्याटप्प्याने वाढत १९९० मध्ये सर्वत्र लागू झाली. नोंदवही सर्व काही दाखविते असे मात्र नाही: प्रत्यक्ष ताबा असणाऱ्याचे काही हक्क व अल्प मुदतीचे भाडेपट्टे नोंदीशिवायही खरेदीदारावर बंधनकारक ठरतात. इंग्लंडमधील नोंदणी-नकाशा हद्दीची नेमकी रेषाही सहसा ठरवीत नाही.

भारतात नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये दस्त नोंदविले जातात. त्या नोंदणीने मालकीची हमी मिळत नाही. राजस्थानने २०१६ मध्ये नागरी जमिनींच्या हक्कप्रमाणनाचा (मालकीहक्क प्रमाणित करून देण्याचा) कायदा केला. त्याच वर्षीच्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमानुसार, प्रकल्पाच्या जमिनीचा हक्क सदोष निघाल्यास विकासकाने खरेदीदारास भरपाई द्यावयाची असून या मागणीला मुदतीच्या कायद्याची (दावा करण्यास कालमर्यादा घालणाऱ्या कायद्याची) आडकाठी येत नाही.