चुंबक चिकटला नाही म्हणजे पितळच? एक खुलासा

साताऱ्याच्या पेठांमधले जुने वाडे उतरवताना न्हाणीघरातले नळ आणि मुठी निघतात, आणि एक समजूत हमखास ऐकू येते: चुंबक चिकटला नाही की माल अस्सल पितळेचा. हे चूक आहे. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही, आणि क्रोमचा मुलामा दिलेल्या कितीतरी मुठी त्याच धातूच्या असतात.

खात्रीसाठी आतल्या, न दिसणाऱ्या जागी कानस फिरवा. तांबूस थर दिसला तर थांबू नका; जस्तावर मुलाम्याआधी तांब्याचं अस्तर देतात. त्याखाली पिवळं निघालं तर पितळ, करडं निघालं तर जस्त. वजनही बोलतं: पितळेची घनता साधारण ८.५ ग्रॅम प्रति घन सेंमी, जस्त मिश्रधातूची ६.६, म्हणजे त्याच आकाराची पितळी मूठ हाताला जड लागते.

पितळ बफिंगने (फिरत्या कापडी चाकावर घासून) सुरेख उजळतं, त्यावर निकेल-क्रोम नव्याने चढतं. जस्तावरचा मुलामा फुगला असेल, तर खाली खड्डे पडलेले असतात. तिथे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कृपा करून बाथरूमचं ॲसिड कशावरच ओतू नका. पितळेतलं जस्त त्याने निघून जातं, वर उरतो तो तांबूस, सच्छिद्र पृष्ठभाग.