एग्यू: इंग्लंडच्या दलदलीतला हिवताप

मलेरिया हा गरम देशांचाच आजार, असं आपल्याकडे बऱ्याच लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण जुन्या इंग्रजीत एक शब्द सारखा भेटतो, एग्यू. लॅटिनमध्ये तीव्र तापाला जे म्हणायचे त्यावरून फ्रेंचमार्गे आलेला, आधी कुठल्याही जोरदार तापासाठी वापरायचे, मग हळूहळू हुडहुडी भरवणाऱ्या आणि ठराविक दिवसांनी परत येणाऱ्या तापालाच तो चिकटला. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये स्टेफानो कॅलिबनला बघून म्हणतो, याला एग्यू झालेला दिसतोय, आणि त्याला दारू पाजतो. म्हणजे प्रेक्षकांना हा ताप चांगलाच माहितीचा होता. केंट, एसेक्सच्या खाऱ्या दलदली आणि फेन्सचा पाणथळ भाग तर त्यासाठी बदनामच होता.

या तापाचे प्रकार ते दिवस मोजून करायचे, टर्शन आणि क्वार्टन. आपल्या आयुर्वेदातही अगदी तसंच आहे, तृतीयक आणि चतुर्थक ज्वर! पहिला दिवस धरून मोजायचं, म्हणजे एक दिवसाआड येणारा तो तृतीयक, खेड्यात त्यालाच एकांतरा म्हणतात.

आता हा ताप वेळ कशी पाळतो हे बघा, मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं. डासाने सोडलेले परजीवी आधी यकृतात वाढतात, मग रक्तातल्या लाल पेशींत शिरतात. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी तिथे साधारण 48 तासांत वाढून डझनभर किंवा जास्त पिल्लं तयार करतो आणि पेशी फुटते, एक नाही, असंख्य पेशी जवळपास एकाच वेळी. त्यातला कचरा रक्तात आला की पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तापमान वाढवायला लावतात. गिझरचा काटा कुणीतरी अचानक वर केल्यासारखं. काटा 40 वर आणि अंग अजून 37 वर, म्हणून थंडी वाजते, दात वाजतात, चार गोधड्या पुरत नाहीत. मग अंग भाजतं, मग घामाने अंथरूण भिजतं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस बराच बरा! मलेरिई जातीला 72 तास लागतात, तो क्वार्टन. पेशी फुटण्याचा आणि ताप चढण्याचा हा मेळ इटलीच्या कॅमिलो गॉल्जीने 1880च्या दशकात रुग्णांचं रक्त तपासून दाखवला. परजीवीला स्वतःचं अंगभूत घड्याळ असतं याचे पुरावे मात्र 2020मध्ये आले.

गंडेदोऱ्यांचं फावतं ते यामुळेच. ताप उतरायच्या दिवशी काहीही बांधा, गुण आलाच म्हणून समजा. तिकडे रोमन काळात एका वैद्याने अशाच तापावर गळ्यात 'अब्राकाडाब्रा' लिहिलेला ताईत घालायला सांगितला होता.

मग थंडीत डास नसताना हा आजार तिकडे टिकला कसा? व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. उत्तर युरोपात तर उन्हाळ्याच्या शेवटी डास चावायचा आणि ताप यायचा कित्येकदा आठ-नऊ महिन्यांनी, म्हणजे हिवाळा उलटून नवीन डास यायच्या सुमारास. रक्तातले मारणाऱ्या गोळ्या या झोपलेल्यांना लागू पडत नाहीत, म्हणूनच व्हायव्हॅक्स निघाला की डॉक्टर वेगळी प्रायमाक्विन देतात, बहुतेक वेळा 14 दिवस.